विमान फुल्ल असतं म्हणून शेअर घ्यायचा का?

या वेळचं पत्र जरा लांब होतं म्हणून कापून देतेय.

"ताई नमस्कार. मी कामासाठी महिन्यातून दोनतीनदा एका छोट्या रिजनल एअरलाइनने जातो. सात टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याची छोटी विमानं आहेत त्यांची, जिथे मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत अशा छोट्या गावांना जातात. विमान जवळजवळ नेहमी फुल्ल, स्टाफ चांगला, स्पर्धा नाही. शेअर वरच्या भावापासून 70 टक्के पडलाय, अजून किती पडणार? मी थोडे घेऊन ठेवलेत आणि खाली अजून एक ऑर्डर लावून ठेवलीय. एक मित्र याच लाइनमधला आहे, तो म्हणतो मोठी एअरलाइन हिला विकत घेणार हे नक्की. घर विकून आलेले पैसे बँकेत पडून आहेत, त्यातले अर्धे यात टाकावेत असं मनात आहे. बायको ऐकत नाही. बफेंनीसुद्धा एअरलाइन्स घेतल्या होत्या ना? तिला कसं पटवू? तुमचा, खिडकीवाला."

खिडकीवाले दादा, बायकोला पटवायचं काम माझ्याकडून होणार नाही कारण मी तिच्या बाजूने आहे. अर्धे पैसे यात टाकू नका. चौथा हिस्सापण नको. पण नुसतं नको म्हटलं तर तुम्ही हे पान बंद करून ऑर्डर टाकाल हे मला माहितीये, म्हणून नीट सांगते आणि थोडं लांबेल.

तुमचं सगळं पत्र एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे विमान फुल्ल असतं. तुम्ही स्वतः बसता, डोळ्यांनी बघता, त्यामुळे तुम्हाला वाटतं की मला आतली माहिती आहे. पण सीटवर बसून फक्त माणसं मोजता येतात, कोणी किती पैसे दिले ते दिसत नाही. आता एक साधा हिशोब करू, आकडे उदाहरणाचे आहेत. समजा 72 सीटचं विमान आहे आणि सरासरी तिकिटाच्या भावात त्या फेरीचा खर्च निघायला 54 सीट विकाव्या लागतात. म्हणजे ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर 75 टक्के. तुमच्या फ्लाइटला 58 लोक बसले की तुम्हाला विमान भरल्यासारखं वाटणार, कारण शेजारची सीट रिकामी मिळत नाही, पण कंपनीच्या हातात राहतात फक्त चार सीटचे पैसे. इंधन हा साधारण खर्चाचा पाव ते तीसेक टक्के भाग असतो, ते 20 टक्क्यांनी महागलं की एकूण खर्च पाच-सहा टक्क्यांनी वर जातो आणि 54 चे 57 होतात. चार सीटचा नफा एकावर आला. किंवा इंधन राहू द्या, त्यांनी ऑफर लावून सरासरी तिकीट फक्त 10 टक्के स्वस्त केलं तर 54 च्या जागी 60 सीट लागतात आणि 58 लोक बसलेलं तुमचं ते भरलेलं विमान तोट्यात उडतं. उलट ऑफरमुळेच ते जास्त भरलेलं दिसतं, हे त्यातलं गंमतीशीर. आणि हे फक्त छोट्यांचं नाही हं, आयाटा ही एअरलाइन्सची जागतिक संघटना जे आकडे देते त्यात 2023, 2024 सारख्या बऱ्या वर्षांतही सगळ्या जगातल्या एअरलाइन्सचा मिळून निव्वळ नफा शंभराच्या विक्रीमागे तीन-चारच्या आसपास आहे. एवढ्या पातळ थरावर सगळा धंदा चालतो. 2020 मध्ये जगातली प्रवासी वाहतूक जवळजवळ दोन तृतीयांश कमी झाली तेव्हा काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आता तुमची ती सात विमानं. सात म्हणजे छान आटोपशीर कंपनी असं वाटतं पण घोडं तिथेच पेंड खातं. सातातलं एक इंजिनच्या कामाला गेलं की 14 टक्के धंदा बंद. मोठ्या कंपनीकडे तीनशे विमानं असतात, त्यात चार उभी राहिली तर ऑपरेशन्सवाले शेड्यूल हलवून वेळ मारून नेतात, इथे एक उभं राहिलं की सकाळची फेरी रद्द, मग त्याच विमानाची दुपारची, संध्याकाळची, आणि त्या प्रवाशांना रिफंड किंवा हॉटेल. पण विमान बहुतेक वेळा भाड्याचं असतं, आणि विमान देणाऱ्या कंपनीला म्हणजे लेसरला ते उडतंय का शेडमध्ये आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याचं भाडं महिन्याला जातच राहतं. त्यावर मेंटेनन्स रिझर्व्ह म्हणून उडलेल्या तासांप्रमाणे वेगळे पैसे भरून ठेवावे लागतात. भाडं बहुतेक करून डॉलरमध्ये, इंधन जगभर डॉलरच्या भावाने ठरतं, सुटे भाग डॉलरमध्ये, आणि तिकीट मात्र गावातला माणूस आपल्या चलनात काढतो. म्हणजे चलन घसरलं की कंपनीने काही चूक न करताही दुष्काळात तेरावा महिना.

आणि टर्बोप्रॉपमध्ये निवड तरी किती आहे? मोठ्या टर्बोप्रॉपमध्ये आज नवं घ्यायचं तर मुख्यतः एटीआर कंपनीचं, कारण तिच्या स्पर्धेतल्या डॅश 8 विमानाचं उत्पादन 2021 मध्ये थांबलं. जुनी विमानं चालवायची म्हटलं तर भाग शोधत फिरा. वैमानिकांचंही तेच आहे, छोटी एअरलाइन पोरांना शिकवते, तास भरून देते, आणि मोठीकडून बोलावणं आलं की पोरगा निघून जातो, त्याला दोष कसा देणार. अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ एका रिजनल विमानाचा अपघात झाला, 50 माणसं गेली, त्यानंतर 2013 पासून को-पायलटलाही साधारणपणे 1,500 तासांच्या अनुभवाची अट आली, आधी 250 तासांवर काम भागायचं. सुरक्षेसाठी केलेला नियम आहे, पण 2022 मध्ये जेव्हा मोठ्या कंपन्यांनी धडाधड भरती केली तेव्हा रिजनल कंपन्यांना पगार भरमसाठ वाढवावे लागले आणि तरीही विमानं उभी राहिली कारण उडवायला माणसं नव्हती. प्रवासी होते, विमान होतं, वैमानिक नव्हता. हे तुम्हाला खिडकीतून कसं दिसणार?

तुम्ही लिहिलंय स्पर्धा नाही. स्पर्धा का नाही याचं उत्तर शोधा आधी. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या रूटवर पैसेच नाहीत. म्हणून रिजनल एअरलाइनचा शेअर बघताना मी पहिला प्रश्न हा विचारते की रिकाम्या सीटचे पैसे कोण देतं. उत्तरं तीनच प्रकारची येतात.

एक म्हणजे मोठी एअरलाइन देते. अमेरिकेतली स्कायवेस्ट बघा, 1972 ची कंपनी, लिस्टेड आहे आणि डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, अलास्का यांच्यासाठी उडते. विमानावर नाव आणि रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट तीच विकते, बहुतेक करारांत इंधनाचा खर्चही तिचाच, आणि स्कायवेस्टला उडवायचे ठरलेले पैसे मिळतात. ऐकायला छान आहे आणि छान आहेच, या धंद्यात इतकी वर्षं टिकलेली मोजकी नावं आहेत त्यात ही आहे. पण अशा कंपनीचा जीव त्या करारात असतो. एक्सप्रेसजेट म्हणून होती, ती युनायटेडसाठी उडायची, 2020 मध्ये युनायटेडने दोन कंपन्यांकडचं काम एकीकडेच द्यायचं ठरवलं आणि ती एक एक्सप्रेसजेट नव्हती. झालं. दोन वर्षं कशीबशी काढली आणि 2022 मध्ये दिवाळखोरी. उलटपण झालंय, अटलांटिक कोस्ट नावाच्या कंपनीला वाटलं की आपण दुसऱ्यासाठी का उडायचं, तिने 2004 मध्ये इंडिपेंडन्स एअर नावाने स्वतःची एअरलाइन काढली, त्याच छोट्या जेट विमानांवर स्वस्त तिकिटं विकायला घेतली, आणि जानेवारी 2006 मध्ये गाशा गुंडाळला.

दुसरं उत्तर म्हणजे सरकार देतं. अमेरिकेत 1978 ला एअरलाइन्स मोकळ्या केल्या तेव्हाच छोट्या गावांसाठी इसेन्शियल एअर सर्व्हिस नावाची सबसिडी ठेवली, युरोपात पब्लिक सर्व्हिस ऑब्लिगेशनचे म्हणजे सरकारने लोकांच्या सोयीसाठी चालवायला लावलेले रूट असतात, भारतात छोट्या गावांसाठीच्या उडान योजनेत तीन वर्षं व्हायबिलिटी गॅप फंडिंग म्हणजे तूट भरून काढायचे पैसे मिळतात. ही सगळी मुदतीची कामं आहेत, टेंडर निघतं, संपतं, पुन्हा निघतं, पैसे कधी उशिरा येतात. सबसिडी वाईट असं मी म्हणत नाही, नॉर्वेतली विडरो अशाच रूट्सवर वर्षानुवर्षं उभी आहे. पण ती साध्या माणसाला शेअर बाजारात मिळतच नव्हती, आणि 2024 च्या जानेवारीत नॉर्वेजियनने ती आख्खी घेऊन टाकली. चांगल्या रिजनल कंपन्या बऱ्याचदा कोणाच्या तरी खासगी मालकीच्या असतात, मग बाजारात जी येते ती का आली, तिला तुमचे पैसे का हवे होते, हा प्रश्न मनात ठेवा.

आणि तिसरं उत्तर म्हणजे कोणीच देत नाही, रिकामी सीट कंपनीच्याच डोक्यावर. तुमच्या पत्रावरून मला वाटतंय तुमची कंपनी या तिसऱ्यात आहे, निदान करार-सबसिडीचा एक शब्द तुम्ही लिहिलेला नाही, आणि ज्याला हे माहीत नाही त्याने अर्धं घर यात टाकायचं म्हणजे फारच झालं.

आता मित्र. मोठी एअरलाइन विकत घेणार हे नक्की. मी म्हणते, धरून चालू की खरंच घेणार. पण कितीला? इथे तुम्हाला ब्रिटनमधल्या फ्लायबीची गोष्ट माहीत असायलाच हवी. एक्झेटरची कंपनी, डॅश 8 विमानं, छोटे रूट, म्हणजे तुमच्या कंपनीचीच मोठी बहीण. डिसेंबर 2010 मध्ये 295 पेन्सला (शंभर पेन्स म्हणजे एक पौंड) शेअर बाजारात आला. त्याच वर्षी त्यांनी 35 एम्ब्राएर जेट्सची ऑर्डर देऊन ठेवली होती, वाढायची घाई होती. नंतर विमानं जास्त आणि प्रवासी कमी अशी पंचाईत झाली, मग 2016 मध्ये ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं मतदान झालं आणि पौंड घसरला, डॉलरमधला खर्च फुगला, इंधन चढलं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केलं की आम्ही विकायला आहोत. व्हर्जिन अटलांटिक विचार करतेय अशी बातमी आली आणि शेअर उसळला. लोकांनी घेतला असणारच, कारण विकत घेणार हे नक्की ना! आणि खरंच घेतली. जानेवारी 2019 मध्ये व्हर्जिन आणि तिच्या भागीदारांची ऑफर आली. बाजारात शेअर 16 पेन्सच्या आसपास होता आणि ऑफर होती एक पेनी. एका शेअरला एक पेनी. भागधारक चिडले, पण दुसरा पर्याय कंपनी बुडण्याचा होता, त्यामुळे मार्चमध्ये ते मंजूर झालं. 295 चा एक. मित्राची टिप शंभर टक्के खरी ठरली असती बघा.

पुढचंही ऐकून घ्या. त्या नव्या मालकांनाही ती चालवता आली नाही, 5 मार्च 2020 ला फ्लायबी बंद पडली. त्याच दिवशी लोगनएअरने तिचे 16 रूट आपण चालवू म्हणून जाहीर केलं. म्हणजे रूट होते, प्रवासी होते, त्या गावांना विमानाची गरजही होती. मग 2022 मध्ये तेच नाव घेऊन पुन्हा एक फ्लायबी उडायला लागली, आणि जानेवारी 2023 मध्ये तीपण बंद.

मला हेच सांगायचंय दादा, विमान उडत राहील का आणि शेअरवाल्याला काही मिळेल का हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही पहिल्याचं उत्तर काढून दुसऱ्यावर पैसे लावताय. ऑस्ट्रेलियातली रेक्स याचं अजून ताजं उदाहरण. 2002 पासून जुन्या साब 340 विमानांवर आडगावची सर्व्हिस देणारी कंपनी. साब 340 कारखान्यातून यायचं नव्वदच्या दशकाच्या शेवटीच बंद झालं होतं, तरी ती रेटून चालवत होते. मग मार्च 2021 मध्ये त्यांनी बोइंग 737 आणून सिडनी-मेलबर्नसारख्या मोठ्या रूटवर मोठ्यांशी टक्कर घेतली. जुलै 2024 च्या शेवटी कंपनी ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे बुडायला आलेली कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या हातात गेली. 737 ची उड्डाणं लगेच थांबली. गावांची साब विमानं मात्र चालू राहिली, सरकार मध्ये पडलं, कर्ज दिलं, कारण त्या गावांना हॉस्पिटलला जायला दुसरी सोय नाही. आणि शेअर? त्याचं ट्रेडिंग थांबलं. विमान आकाशात आणि शेअर डिमॅटमध्ये गोठलेला, तुम्ही फक्त बघत बसायचं. सरकार गावाचं विमान वाचवतं, तुमचा शेअर वाचवायचं त्याला काही कारण नसतं. पैसे वाटायची वेळ आली की आधी तारण असलेले कर्जवाले, मग कामगार, विमानतळ, इंधनवाले, ज्याची त्याची देणी, देशोदेशी क्रम थोडा इकडेतिकडे होतो पण शेअरवाला सगळीकडे सगळ्यात शेवटी. आणि एअरलाइनमध्ये विकायला तरी काय असतं, विमानं लेसरची, तो येऊन घेऊन जातो.

70 टक्के पडलाय, अजून किती पडणार? हे वाक्य मला इतक्या पत्रांत येतं की काय सांगू. शंभरचा तीस झाला. तीसचा तीन झाला तर तुमचे, म्हणजे तीसला घेणाऱ्याचे, नव्वद टक्के जातील. वरच्या भावाशी तुमचा काही संबंध नाही, तुम्ही तिथे नव्हता. आणि समजा तुमचं नशीब चांगलं, कंपनी वाचली. वाचली कशी? पैसे उभे करून. ते कुठून येणार? पडेल भावाला नवे शेअर काढून, ठरावीक लोकांनाच शेअर देणारा प्रेफरेन्शियल इश्यू म्हणा, पुढे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क देणारं वॉरंट म्हणा. कंपनीचे एक कोटी शेअर होते आणि तुमच्याकडे एक लाख, म्हणजे एक टक्का. नवीन एक कोटी कोणा गुंतवणूकदाराला दिले की तुमचा अर्धा टक्का. पैसे घालायला आलेला तो नवा माणूस स्वस्तात आला आणि तुम्ही आधीपासून सोसत होता तरी तुमचाच हिस्सा कापला. पुढे कंपनी चांगली चालली, पेपरात कौतुकही आलं, तरी तुमचा भाव काही परत येत नाही, असं खूपदा होतं.

बरं, तुम्हाला तरीही यात रस आहे हे दिसतंय, आणि रस असणं वाईट नाही, उलट स्वतः वापरत असलेल्या कंपनीचे कागद वाचायला मजा येते. तर वार्षिक अहवाल काढा आणि नफ्या-तोट्याचं पान सोडून कॅश फ्लोच्या पानावर जा. धंद्यातून खरी रोकड येतेय का? का विमानं विकून तीच पुन्हा भाड्याने घेतल्याचे पैसे नफ्यात दाखवलेत? सेल अँड लीजबॅक म्हणतात त्याला, एकदा पैसे येतात आणि मग वर्षानुवर्षं भाडं जातं. मग बघा हातात किती रोकड आहे आणि महिन्याचा खर्च किती, भागाकार तुम्हीच करा, दोन-तीन महिन्यांची येत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

त्यात एक गोष्ट फसवते. लोक तिकीट आधी काढतात, उडतात नंतर, त्यामुळे बँकेत दिसणाऱ्या पैशातला मोठा भाग अजून न उडालेल्या प्रवाशांचा असतो. देण्यांच्या बाजूला तो वेगळा दाखवलेला असतो, तेवढा वजा करून रोकड मोजा. हे का महत्त्वाचं तर कार्डाने आलेले पैसे कार्ड प्रोसेसर म्हणजे कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या मधल्या कंपनीकडून येतात, आणि त्याला शंका आली की ही कंपनी बुडेल आणि रिफंड माझ्या गळ्यात येतील, तर तो पैसे रोखून धरतो. अमेरिकेतल्या फ्रंटियरला एप्रिल 2008 मध्ये कोर्टात संरक्षण मागायला जावं लागलं ते याच कारणाने, प्रोसेसरने जास्त पैसे अडकवून ठेवायचं ठरवलं आणि रोकड आटायची वेळ आली. ती वाचली पुढे, पण त्या कंपनीचे जुने शेअरवाले नाही वाचले.

बाकी ऑडिटरच्या रिपोर्टमध्ये गोइंग कन्सर्नवर म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का यावर काही लिहिलंय का ते शोधा, प्रमोटरने म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने शेअर गहाण ठेवलेत का बघा, पगार किंवा विमानतळाची फी थकल्याच्या बातम्या आहेत का बघा. आणि मॅनेजमेंट आता मोठी जेट विमानं आणणार, नवीन बाजारात उतरणार असं उत्साहाने सांगायला लागली की मी तरी दाराकडे बघते. फ्लायबी, रेक्स, इंडिपेंडन्स, तिघींनाही छोटं राहणं नको झालं होतं.

वॉरन बफे या नावाजलेल्या अमेरिकन गुंतवणूकदाराचं म्हणाल तर अर्धीच गोष्ट सांगितलीत. 1989 मध्ये त्यांनी यूएसएअरमध्ये पैसे घातले आणि पुढे ती आपली चूक होती असं भागधारकांना स्वतःच लिहिलं. 2016 मध्ये पुन्हा चार मोठ्या अमेरिकन एअरलाइन्स घेतल्या आणि 2020 च्या एप्रिलमध्ये चारही विकून बाहेर पडले. तो माणूस विकून मोकळा होऊ शकला कारण डेल्टासारख्या शेअरला रोज प्रचंड गिऱ्हाईक असतं. तुमच्या सात विमानांच्या कंपनीत वाईट बातमी आली की सकाळीच लोअर सर्किट म्हणजे दिवसभरात भाव पडायची जी मर्यादा असते ती गाठलेली, विकणारे लाखभर आणि घेणारा शून्य, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कागदावर भाव दिसतो पण त्या भावाला कोणी घेत नाही.

तर किती? घराचे पैसे बाजूला ठेवा, त्यांना हातही लावू नका, ते परत मिळवायला तुम्हाला दुसरं घर विकता येणार नाहीये. तुमची बाकीची जी काही शेअरमधली गुंतवणूक असेल तिच्या दोन टक्के, फार झालं तर तीन, एवढे या कंपनीत असू द्या, आणि ते शून्य झाले तर घरात भांडण होणार नाही एवढीच रक्कम असावी. तेही आत्ता नको. अजून दोन तिमाहींचे रिझल्ट येऊ द्या. आकडे सुधारले आणि भाव थोडा वर गेला तर जाऊ दे, तळालाच घ्यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय. रिकाम्या सीटचे पैसे देणारा एखादा पाच-सात वर्षांचा करार झाला तर मात्र मला पुन्हा लिहा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकतं.

बायकोचं म्हणाल तर तिला पटवू नका, तिला कॅश फ्लोचं ते पान दाखवा आणि विचारा. घर दोघांचं होतं ना, मग पैसेही दोघांचे. मला आपलं वाटतं की तिने नको म्हणण्यामागे नुसती भीती नसून हिशोब असणार, तुम्ही तो विचारलाच नाहीये.

आधी घेतलेले शेअर थोडे आहेत म्हणालात, ते वरच्या दोन-तीन टक्क्यांत बसत असतील तर राहू द्या, नसतील तर जास्तीचे विका, तोटा दिसतोय म्हणून थांबू नका. आणि ती जी खाली ऑर्डर लावून ठेवलीय ॲव्हरेज करायला म्हणजे सरासरी खरेदी भाव खाली आणायला, ती आज रात्रीच कॅन्सल करा, कारण ती लागेल ती नेमकी ज्या दिवशी सगळे पळत सुटतील त्या दिवशी.